धर्म शिकून पुढे काय?

कोल्हापूर, नांदेड किंवा नागपूरच्या एखाद्या मुलीने बारावीनंतर घरी सांगितले की मला धर्म या विषयात पदवी घ्यायची आहे, तर तिला लगेच दोन प्रश्न विचारले जातील : हे शिकवतात कुठे, आणि शिकून पुढे काय? पहिल्या प्रश्नाला आपल्या सार्वजनिक विद्यापीठांकडे धड उत्तर नाही. पाली आहे, संस्कृत आहे, तत्त्वज्ञान आहे, संतवाङ्मय मराठी विभागात आहे. पण एकाच विद्यार्थ्याने दोन-तीन धर्मपरंपरा मूळ ग्रंथांतून शिकाव्यात, त्यांचे भाष्यकार वाचावेत, त्यांचा आजचा आचार जाऊन पाहावा आणि या सगळ्यावर परीक्षा द्यावी, अशी सोय जवळजवळ नाही. दुसरा प्रश्न पोटाचा, म्हणून तो अधिक अवघड वाटतो. मला तो उलट सोपा वाटतो. धर्माविषयी निर्णय देण्याची कामे या देशात रोज होतात, बरीचशी सरकारी खर्चाने होतात, आणि ती करणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी हा विषय शिस्तीने शिकलेला असतो. कामे आहेत; त्यांना लागणारे शिक्षण तेवढे नाही.

युरोपात थिऑलॉजी, म्हणजे धर्मविद्या, विद्यापीठात आली ती पोटाच्याच वाटेने. तिथल्या जुन्या विद्यापीठांत कायदा, वैद्यक आणि थिऑलॉजी या तीन वरच्या विद्याशाखा मानल्या जात, आणि तिन्ही धंदेशिक्षण देणाऱ्या होत्या. सरकारला याच तिघींत इतका रस का, याचे कारण कांटने १७९८ साली जरा तिरकसपणे सांगून ठेवले आहे : माणसाला परलोकाची, मालमत्तेची आणि शरीराची काळजी असते, आणि या काळज्या ज्यांच्या हाती त्यांच्यावर राज्याला नजर ठेवायची असते. १८१० मध्ये बर्लिन विद्यापीठ उभे राहिले तेव्हा श्लायरमाखरने थिऑलॉजीची बाजू मांडली तीही व्यवहाराच्या पायावर. समाजाला धर्मोपदेशक लागणारच असतील तर ते इतर विद्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या कसोट्या सोसून तयार व्हावेत, असा त्याचा आग्रह होता. हा शेजार चर्चला फारसा मानवला नाही. बायबल हा निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या हातांनी लिहिला गेलेला ग्रंथसंग्रह आहे, हे सिद्ध करण्याचे काम बऱ्याच अंशी थिऑलॉजीच्या प्राध्यापकांनीच केले. डेव्हिड श्ट्राउस या तरुण शिक्षकाने १८३५ मध्ये येशूच्या चरित्राची कठोर चिकित्सा छापली आणि ट्युबिंगेनमधली नोकरी गमावली. पण वाद पुढे चालू राहिला तो विद्यापीठांतच. आजही जर्मनीत थिऑलॉजीच्या शाखा सरकारी विद्यापीठांत आहेत. सरकारी शाळांत धर्म हा विषय राज्यघटनेनेच ठेवलेला असल्याने त्यांचे पदवीधर शिक्षक होतात. काही चर्चमध्ये, काही लष्करात आणि तुरुंगांत धर्मोपदेशक म्हणून, काही वृत्तपत्रांत आणि सेवासंस्थांत जातात. योआखिम गाऊक हे रोस्टोकचे पाद्री पुढे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या दप्तराचे प्रमुख झाले आणि २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षही. केप्लर पाद्री व्हायला निघाला होता; थिऑलॉजीचे शिक्षण पुरे होण्याआधीच गणिताच्या शिक्षकाची जागा मिळाली म्हणून ग्रात्सला गेला. अर्थात तिफ्लिसच्या ख्रिस्ती विद्यालयातून १८९९ मध्ये बाहेर पडलेल्या स्टालिनचे नावही याच यादीत येते, तेव्हा या शिक्षणाने माणूस सुधारतोच असा दावा कोणी करू नये.

जर्मनीतले अलीकडचे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे आहे. तिथे लाखो मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, पण त्यांचे अनेक इमाम तुर्कस्तानातून शिकून, तिथल्या सरकारचा पगार घेऊन येत. २०१० मध्ये जर्मन विज्ञान परिषदेने शिफारस केली की इस्लामी थिऑलॉजीही सरकारी विद्यापीठांत शिकवावी. त्यानंतर ट्युबिंगेन, म्युन्स्टर, ओस्नाब्रुक, फ्रांकफुर्ट इत्यादी ठिकाणी ती सुरू झाली. या केंद्रांतून किती इमाम झाले यावर तिथे वाद आहेत, आणि बरेच विद्यार्थी शाळाशिक्षकाची वाट धरतात. तरी राज्याने एक गोष्ट ओळखली. धर्म शिकवला जाणारच आहे, तर त्यातला काही भाग तरी अशा जागी शिकवला जावा जिथे शेजारच्या खोलीतला इतिहासकार येऊन पुरावा मागू शकतो.

आपल्याकडे ही खोलीच बांधली गेली नाही. कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक धोरणाच्या १८५४ च्या वुडच्या खलित्याने पदवी परीक्षांतून धर्मविषय वगळले, आणि १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठे लंडनच्या नमुन्यावर निघाली. लंडनमधल्या या नव्या शिक्षणाचा पाया धर्मपंथ बाजूला ठेवूनच घातलेला होता. परक्या, ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी हिंदू-मुसलमानांच्या देशात तेव्हा तसे करणे शहाणपणाचेच होते. स्वातंत्र्यानंतर मात्र आपण ती व्यवस्था फारसा विचार न करता पुढे चालवली. राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्ये पदवीच्या तीन वर्षांसाठी आराखडाही दिला होता : पहिल्या वर्षी धर्मसंस्थापकांची चरित्रे, दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतले निवडक उतारे, तिसऱ्या वर्षी धर्माच्या तत्त्वज्ञानाचे मुख्य प्रश्न. कोठारी आयोगानेही विद्यापीठांतल्या तौलनिक धर्माच्या विभागांवर काही कामे सोपवली. विभागच मोजके असल्याने ती कामे अहवालात राहिली. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६० च्या दशकात धर्माभ्यासाचा विभाग निघाला, शांतिनिकेतनात तत्त्वज्ञानाच्या जोडीला तौलनिक धर्म आहे, अलीगढला सुन्नी आणि शिया थिऑलॉजीचे वेगळे विभाग आहेत, बनारसला संस्कृतविद्या आणि धर्मविज्ञानाचे संकुल आहे. एवढ्या मोठ्या देशाला ही यादी तोकडी पडते.

म्हणून धर्माचे शिक्षण थांबले असे नाही. ते ज्याच्या त्याच्या घरात गेले. पुणे हे देशातल्या ख्रिस्ती थिऑलॉजीच्या मोठ्या केंद्रांपैकी एक आहे, हे किती पुणेकरांना ठाऊक असेल? सिलोनमधल्या कँडीत १८९३ मध्ये सुरू झालेली पोपची सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला आली आणि तिच्याभोवती ज्ञानदीप विद्यापीठ वाढले. यवतमाळात १९५३ मध्ये निघालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ पासून पुण्यात आहे. गोव्यात राशोलची सेमिनरी त्याहून कितीतरी जुनी. बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजला तर डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्येच पदव्या देण्याचा अधिकार दिला होता. या संस्थांत हिब्रू आणि ग्रीक शिकवतात, भारतीय तत्त्वज्ञानही शिकवतात. तिथली तयारी कच्ची नाही. वेदपाठशाळांत पाठांतराची जी शिस्त आहे ती कुठल्याही महाविद्यालयाला लाजवील. मदरशांतला फिक्ह (धर्मकायदा) आणि हदीस (पैगंबरांची वचने) यांचा अभ्यासक्रम वर्षानुवर्षांचा असतो. पण या सगळीकडे एक गोष्ट समान आहे : शिकणारा त्या धर्माचा, शिकवणारा त्या धर्माचा, परीक्षकही त्याच धर्माचा. आपला सिद्धांत बाहेरच्या माणसापुढे, त्याला मान्य होईल अशा पुराव्याने मांडण्याची पाळी या विद्यार्थ्यांवर सहसा येत नाही. मग ती पाळी थेट रस्त्यावर, निवडणुकीत किंवा न्यायालयात येते.

विद्यापीठीय थिऑलॉजीतून मराठी समाजाला काय मिळू शकते याचा एक दाखला आपल्या घरात आहे आणि आपण त्याकडे त्या नजरेने कधी पाहिलेले नाही. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले ते वकिली किंवा आयसीएससाठी गेले नाहीत. प्रार्थना समाजाने त्यांची निवड केली होती, युनिटेरियन या उदार ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी शिष्यवृत्ती दिली होती, आणि अभ्यासाचा विषय होता धर्म. तिथे एस्टलिन कार्पेंटरसारखे, बौद्ध ग्रंथांचा व्यासंग असलेले शिक्षक होते. दोन वर्षांनी, १९०३ मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमच्या उदारमतवादी धर्मपरिषदेत भारतातल्या उदार धर्मावर निबंध वाचून ते परतले. त्यांच्या हाती जी विद्या होती तिला बाजारात भाव नव्हता; प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून मिळणाऱ्या अल्प वेतनावर त्यांनी संसार केला. पण त्या विद्येचे पुढे काय झाले पाहा. १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन निघाले, शाळा आणि वसतिगृहे निघाली, आणि १९३३ मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हे पुस्तक आले. अस्पृश्यतेविरुद्ध कळवळ्याने लिहिणारे त्या काळी इतरही होते. शिंदे वेदवाङ्मय, बौद्ध साहित्य, जातींची नावे, देशोदेशींचे आचार हे सगळे समोर मांडून ही प्रथा केव्हा, कशी आणि कोणत्या सत्तासंबंधांतून घट्ट झाली हे विचारत होते. हिच्यामागे खरोखर कोणता धर्म आहे, हा प्रश्न ते कर्मठांना त्यांच्याच ग्रंथांच्या आधारे विचारू शकत होते. तौलनिक धर्माच्या वर्गात घडलेली ही बुद्धी होती.

त्या काळात धर्माचे असे जाणकार मराठीत आणखी होते, आणि बहुतेक सगळे आपापल्या हिमतीवर घडलेले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८९१ च्या संमतिवयाच्या वादात धर्मशास्त्राचे आधार देऊन सुधारणेची बाजू लढवली. गोव्याचे धर्मानंद कोसंबी बुद्ध शोधत नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश फिरले आणि शेवटी हार्वर्डपर्यंत पोहोचले. पांडुरंग वामन काणे यांनी वकिली सांभाळून धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात पुरे केले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी धर्मकोशाचे काम करता करता हिंदू धर्माची समीक्षाही करत होते. या नावांचा अभिमान बाळगताना एक प्रश्न आपण टाळतो. यांच्या जागा आज कोणाकडे आहेत? ज्या विद्येला विद्यापीठात खुर्ची, अभ्यासक्रम आणि दरवर्षी येणारे वीस विद्यार्थी नसतात ती एका माणसाच्या आयुष्याएवढीच टिकते. काण्यांचे खंड आजही सगळे उद्धृत करतात. त्यांच्या पुढचे काम करायला शिकवणारा वर्ग कुठे आहे, हे शोधावे लागते.

आता पोटाच्या प्रश्नाकडे येऊ. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये सांगितले की एखाद्या धर्माचा गाभा कोणता हे मुख्यतः त्या धर्माच्या सिद्धांतांवरूनच ठरवले पाहिजे. तेव्हापासून भारतीय न्यायाधीश सिद्धांत ठरवण्याचे काम करत आले आहेत. आनंदमार्गी साधूंचे तांडव नृत्य धर्माचा आवश्यक भाग नाही असे २००४ मध्ये ठरले, कारण पंथ १९५५ चा आणि तांडव आले १९६६ मध्ये. नंतर आलेले ते अनावश्यक, हे तत्त्व लावले तर वारकऱ्यांपासून शिखांपर्यंत किती जणांच्या प्रथा उरतील याचा विचार कोणी धर्म शिकलेल्याने करून द्यायला हवा होता. जैनांचे संथारा व्रत म्हणजे आत्महत्या, असे राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये म्हटले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. सल्लेखनेवर, म्हणजे याच व्रतावर, जैन आचार्यांचे शतकानुशतकांचे विवेचन आहे, आणि ते आत्मघाताहून वेगळे कसे याचीच तर त्यात चर्चा आहे. हाजी अलीच्या दर्ग्यात स्त्रियांना मजारीपर्यंत जाऊ द्यावे की नाही हे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुराण-हदीसचे उतारे तपासून ठरवले. निकाल मला योग्य वाटतो. पण योग्य निकाल आणि भक्कम धार्मिक विवेचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नाटकातल्या हिजाबच्या खटल्यात २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने मोठा भार टाकला तो अब्दुल्ला यूसुफ अलींच्या इंग्रजी भाषांतरावर आणि टीपांवर. मुंबईत जन्मलेले यूसुफ अली विद्वान होते खरे, पण पेशाने आयसीएस अधिकारी. शबरीमला मंदिरातल्या स्त्रियांच्या प्रवेशाच्या खटल्यात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी वेगळे मत नोंदवले की असे प्रश्न न्यायालयाने ठरवूच नयेत. ते मान्य केले तरी प्रश्न संपत नाही, कारण सरकारलाही ते ठरवावे लागतात. लिंगायत हा स्वतंत्र धर्म आहे काय, या प्रश्नावर लातूर-सोलापूर भागातही मोर्चे निघाले आणि मार्च २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने एका समितीच्या अहवालावरून तो आहे असे मान्य केले. लिंगायतांना पूज्य असलेल्या बसवण्णांच्या वचनांचा वेदांशी आणि आगमांशी संबंध काय, हा शुद्ध धर्मविचाराचा प्रश्न मंत्रिमंडळाच्या बैठकीत सुटला. अशा प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंना, न्यायालयाला आणि सरकारला जाणकार लागतात. ही कामे काल्पनिक नाहीत.

दुसरे क्षेत्र देवळांचे. पुजारी हा जन्माने ठरावा की परीक्षेने, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांचा आहे. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १९१५ मध्ये पुरोहितांना परीक्षेची अट घालणारा कायदा केला. शाहू महाराजांनी १९२० मध्ये ब्राह्मणेतर धर्मगुरू असावा म्हणून क्षात्र जगद्गुरूचे पीठ निर्माण केले. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात मागणी केली की पौरोहित्य वंशपरंपरेने मिळू नये, कोणत्याही हिंदूला ते करता यावे आणि सरकारने ठरवलेली परीक्षा उतरून सनद मिळवल्यावाचून कोणाला ते करू देऊ नये. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने गेले, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब जानेवारी २०१४ मध्ये झाले आणि त्याच वर्षी मंदिर समितीने सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. परीक्षा हवी हे तत्त्व म्हणून आपण मान्य केले आहे. ती घ्यायची कोणी, हे अजून ठरवलेले नाही. ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्था स्त्रियांना आणि सर्व जातींना पौरोहित्य शिकवतात हे चांगलेच, पण सार्वजनिक देवस्थानांच्या नोकरभरतीचा भार स्वयंसेवी संस्थांवर किती काळ टाकायचा? शिवाय देवस्थान म्हणजे फक्त गाभारा नव्हे. शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर यांचा कारभार स्वतंत्र कायद्यांखाली चालतो, आणि हजारो न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले आहेत. हिशेब कळणारा आणि उपासनेची परंपराही कळणारा व्यवस्थापक तिथे शोधून सापडत नाही. वृत्तपत्रे, संग्रहालये, पर्यटन यांचे तेच. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांत रुग्णाच्या धर्माप्रमाणे, किंवा तो निधर्मी असेल तर तसा, सोबत करणारा पगारी माणूस असतो. आपल्याकडे अवयवदानाच्या वेळी नातेवाईक धर्म काय सांगतो हे विचारतात तेव्हा उत्तर द्यायला समोर शिकाऊ डॉक्टर असतो.

यावर पहिली हरकत घटनेची येते. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण एखाद्या धर्माची दीक्षा देणे आणि त्या धर्माचा अभ्यास करणे यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये गुरू नानक विद्यापीठाच्या प्रकरणात आणि पुन्हा २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या याचिकेवर स्पष्ट केला आहे. कायद्याची वाट मोकळी आहे.

दुसरी हरकत खरी आहे आणि तिला मी सहज उडवून लावणार नाही. आज असे विभाग काढले तर ते सत्तेतल्या विचाराचे प्रचारकेंद्र होतील, ही भीती. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले, २०२२ मध्ये बनारसला हिंदू अध्ययनाची एमए सुरू झाली. अभ्यासाच्या नावाखाली आरती सुरू होणे अवघड नाही. मात्र विद्यापीठाने विषय न शिकवल्याने प्रचार थांबला, असे गेल्या चाळीस वर्षांत दिसलेले नाही. २००४ च्या जानेवारीत हस्तलिखिते जपणाऱ्या पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तो शिवचरित्रावरच्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरून. श्रद्धेच्या विषयावर पुराव्याने वाद घालण्याची सवय नसलेल्या समाजात हस्तलिखितेही सुरक्षित नसतात. विभाग एकाच धर्माचा नसावा, कोणत्याही विद्यार्थ्याला स्वतःच्या परंपरेखेरीज दुसऱ्या एका परंपरेची परीक्षा सक्तीची असावी, आणि उत्तरपत्रिका बाहेरच्या परीक्षकाने तपासावी, एवढे केले तर प्रचारकाला तिथे रमणे कठीण जाईल. श्रद्धाळूंची हरकतही यातच मिटते. परंपरा आतून मांडणाराही त्या वर्गात हवाच. फक्त त्याला शेजारच्या बाकावरून प्रश्न येतील.

राहिली ती मुलगी. तिने केवळ धर्म या विषयावर बीए करून बाहेर पडावे असे मी म्हणणार नाही; तो सल्ला बेजबाबदार ठरेल. कायदा, समाजकार्य, पत्रकारिता किंवा व्यवस्थापन यांच्या जोडीने हा विषय घेता यावा, आणि नव्या शैक्षणिक धोरणातल्या दुय्यम विषयाच्या तरतुदीत ते बसते. वर्षाला काही हजार पदवीधर बाहेर पडले तर बेकारांत भर पडेल, शंभर-दीडशे पडले तर खपतील. इतिहास किंवा राज्यशास्त्राच्या पदवीधराला याहून पक्की नोकरी आपण कुठे देतो?

सुरुवात करणाऱ्या विद्यापीठाने मात्र एक गोष्ट आधीच ठरवून ठेवावी. बनारसमध्ये २०१९ साली संस्कृत शिकवण्यासाठी एका मुसलमान विद्वानाची रीतसर निवड झाली, विद्यार्थ्यांनी धरणे धरले, आणि शेवटी ते प्राध्यापक दुसऱ्या विद्याशाखेत गेले. महाराष्ट्रात असा विभाग निघाला तर पहिल्याच जाहिरातीत हे घडू शकते : ज्ञानेश्वरीच्या जागेसाठी एखादी ख्रिस्ती बाई सर्वांत लायक ठरेल, किंवा हदीससाठी एखादा ब्राह्मण. त्या दिवशी कुलगुरू त्या नेमणुकीमागे उभे राहणार असतील तरच विभाग काढावा. नसतील, तर पाठशाळा, मदरसे आणि सेमिनऱ्या आपापले काम आजही करतच आहेत, आणि त्यासाठी सरकारी पैशाची गरज नाही.